ठासणीपासून एसएलआरपर्यंत

नांदेड-लातूरकडच्या बहुतेकांनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल पाहिलेली असते, फक्त तिला तसं म्हणतात हे ठाऊक नसतं. मतदानाच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला जवान आठवा. लाकडी दस्त्याची, लांब नळीची बंदूक त्याने मांडीशी उभी धरलेली असते. ती बहुधा एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. नावातच सगळं आलं: आपलं काडतूस आपणच भरून घेणारी. आपल्या मुलखातल्या शेकडो पोरांनी ती खांद्यावर घेतलेली आहे. नांदेड जिल्ह्यात मुदखेडला सीआरपीएफचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, लातूर जिल्ह्यात चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र. भरतीची पहाटेची धाव काढलेल्या पोराला ती किती जड लागते हे विचारा. भरलेलं मॅगझिन धरून ती साडेचार किलोच्या पुढेच जाते, आणि कवायत तासाभराची असते.

‘घ्यायचीच तर चांगली सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी म्हणतो, कुठली बरी?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर हमखास निघतो. विचारणारा कधी किनवटकडचा शेतकरी असतो, कधी शहरात प्लॉटिंगचा धंदा करणारा, कधी नुसता हौशी. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: तुम्हा-आम्हाला घेता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ साली जे शस्त्र नियम आले, त्यांत पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची वर्गवारी वेगळी ठेवून बाकीची सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं निर्बंधित गटात टाकली आहेत. अतिरेक्यांपासून जिवाला गंभीर धोका असलेली माणसं आणि अशाच काही मोजक्यांसाठी तिथं दार किलकिलं आहे. रानडुक्कर, दरोड्याची भीती किंवा हौस ही कारणं त्या दारातून आत जात नाहीत.

तरीही प्रश्न टाकाऊ नाही. तो विचारणाऱ्याची काहीतरी गरज असते, आणि ती गरज भागवणारं हत्यार बहुतेक वेळा वेगळंच असतं. कधी ते हत्यारही नसतं.

आधी यंत्र समजून घेऊ. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू, तोंडाशी गोळी. चाप ओढला की खटक्याची सुई टोपीवर आदळते, दारू पेटते, वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो. इथपर्यंत सगळ्या आधुनिक बंदुका सारख्या. फरक पडतो तो यानंतर, म्हणजे रिकामी पुंगळी कोण काढणार आणि नवं काडतूस कोण सरकवणार यावर.

दुनळी बंदुकीत ते काम माणूस करतो. बिजागरीवर बंदूक मोडायची, पुंगळ्या काढायच्या, दोन नवी काडतुसं घालायची. बोल्ट-ॲक्शन रायफलीत दाराच्या कडीसारखा दांडा वर उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली पाडायचा. एसएलआरमध्ये हे काम वायूच करतो. गोळी नळीतल्या एका बारीक भोकापुढून गेली की थोडा वायू त्या भोकातून वर शिरतो, दट्ट्या मागे रेटतो, दट्ट्या ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडतो, पुंगळी बाहेर उडते. मागची स्प्रिंग दाबली जाते आणि परत उसळते. उसळताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस पुढे घेऊन जाते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. चाप मात्र सोडून पुन्हा ओढावा लागतो. एका ओढीला एकच गोळी, म्हणून ‘सेमी’. चाप दाबून ठेवल्यावर गोळ्या सुटतच राहिल्या तर ती पूर्ण ऑटोमॅटिक.

हे समजलं की या हत्याराचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी दिसतो. माणसाला दोन गोळ्यांच्या मध्ये काहीच करावं लागत नाही. सैनिकाला हेच हवं असतं. १९६२ च्या युद्धात आपल्या बहुसंख्य जवानांच्या हातात .३०३ ची बोल्ट-ॲक्शन रायफल होती आणि समोर आपोआप भरल्या जाणाऱ्या रायफली होत्या. त्यानंतर बेल्जियमच्या एफएएल रायफलीच्या धर्तीवरची ७.६२ मिलिमीटरची एसएलआर इशापूरच्या कारखान्यात होऊ लागली. वीस काडतुसांचं मॅगझिन, सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाची गोळी. युद्धभूमीवर दोन गोळ्यांमधला वेळ म्हणजे मरण. शेतात त्याच वेळात माणूस विचार करतो, आणि तो विचार काढून टाकणारं यंत्र शेताला नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेगानं बार काढण्याची ही ओढ आपल्या मातीतही जुनीच. १७६० साली उदगीरला निजामाविरुद्ध सदाशिवरावभाऊंच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी आणि तोफा होत्या. त्या शिपायांच्या बंदुका नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायच्या. चांगला तयार शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी, आणि तेवढ्यावर लढाया फिरत. त्या ठासण्यावरूनच ‘ठासणीची बंदूक’ हे नाव आलं. आजच्या कायद्यात ही ठासणीची बंदूक अजून जिवंत आहे, आणि गंमत अशी की ती आहे शेतकऱ्यासाठीच.

शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम मला या सगळ्या विषयातलं सर्वात वाचनीय कलम वाटतं. कुणाला काय लागतं याचा विचार कायदा करणाऱ्यांनी १९५९ सालीच करून ठेवला आहे. संरक्षण किंवा खेळ यासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. नेमबाजीच्या मान्यताप्राप्त क्लबाच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी .२२ रायफल किंवा एअर रायफल. बाकी कशालाही ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. आता ही यादी पुन्हा बघा. शेतकऱ्याच्या वाट्याला रायफल आलेलीच नाही.

त्यामागे भूगोल आहे. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात, म्हणून ती सरळ आणि लांब जाते. बारीकशी .२२ ची गोळीसुद्धा तिरकी वर सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत पोचू शकते, ७.६२ ची तीन किलोमीटरच्या पलीकडे. आता औसा किंवा निलंगा तालुक्यातलं रान डोळ्यासमोर आणा. काळी सपाट जमीन, सोयाबीन मांडीएवढं, तूर छातीएवढी, मध्ये एक बाभूळ. गोळी अडवायला डोंगर नाही, टेकाड नाही. लातूर जिल्ह्यात जंगल तर नावालाच. हुकलेली गोळी जाते ती पलीकडच्या आखाड्यावर, पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या बॅटरीकडे. बारा बोअरचे बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटरमध्ये दम सोडतात. मोठे छर्रे आणखी पुढे जातात, पण रायफलीची सर त्यांना नाही, आणि इथं तोच त्यांचा गुण.

बारा बोअर म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे, हा घोटाळा इतक्यांदा ऐकला आहे की सांगून टाकतो. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घडवली आणि तशा बारा गोळ्या मिळून एक पौंड भरल्या, तर ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास भरतो साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच वीस बोअरची बंदूक बारापेक्षा लहान. आपल्याकडे या बंदुकीची ‘शक्तिमान’ काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येत आली आहेत. हा कारखाना १८६९ चा. पुंगळीवर एलजी, एसजी, बीबी अशी अक्षरं किंवा आकडे असतात. ती छर्ऱ्यांची जाडी सांगतात. डुकरासाठी जाड, पाखरासाठी बारीक. दुकानदाराला ‘काडतूस द्या’ एवढंच सांगणारा माणूस कापडाच्या दुकानात जाऊन ‘कापड द्या’ म्हणणाऱ्यासारखा.

आणि रायफल लागलीच तर? परवान्यावर सामान्य नागरिकाला मिळते ती मुख्यतः .३१५ ची बोल्ट-ॲक्शन, पाच काडतुसांची, इशापूरची. तिच्या विचित्र आकड्यामागे इंग्रजांचा धूर्तपणा आहे. लष्कराची काडतुसं .३०३ ची. ती चोरीला गेली तरी लोकांच्या बंदुकीत बसू नयेत म्हणून नागरिकांना वेगळी, आठ मिलिमीटरची रायफल दिली गेली. इंग्रज गेले, तत्त्व राहिलं. .३०३ किंवा ७.६२ ची लष्करी काडतुसं बसतील अशी रायफल आजही निर्बंधित गटातच आहे.

पण बंदूक मिळाली म्हणजे डुक्कर मारता आलं असं नाही, आणि लोक फसतात ते इथंच. शस्त्राचा परवाना एक, वन्यप्राणी मारायची परवानगी दुसरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्याला मारायचं तर अकराव्या कलमाखाली वन खात्याची लेखी परवानगी लागते. २०१५ मध्ये राज्य सरकारनं रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही परवानगी मिळवणं सोपं केलं. तरी मेलेलं जनावर सरकारचं. त्याचं मटण गावात वाटलं की राखणदाराचा आरोपी होतो. शिवाय अहमदपूर-औशाकडच्या रानात पिकात शिरणारा कळप पुष्कळदा काळविटांचा असतो. ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. रात्री बॅटरीच्या उजेडात दिसतात ते चमकणारे डोळे. ते डुकराचे की हरणाचे, की शेजाऱ्याच्या सुटलेल्या वासराचे, हे ठरवायला त्या दोन गोळ्यांमधला वेळ लागतो.

युरोपात रानडुकराच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक वापरतात हे खरं. जखमी डुक्कर अंगावर येतं तेव्हा दुसरी गोळी लगेच हाताशी हवी असते. पण तिथल्या १९७९ च्या बर्न करारानं मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणारी सेमी-ऑटोमॅटिक शिकारीसाठी निषिद्ध साधनांत घातली आहे. ऑस्ट्रेलियात सशांच्या त्रासापायी शेतकऱ्यांकडे अशा रायफली सर्रास असत. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसानं ३५ जणांना मारलं आणि सरकारनं लाखो बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. न्यूझीलंडनं २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यानंतर महिन्याभरात तसाच कायदा केला. टेक्सासात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र ही रायफल दुकानात मिळते. तिथं ‘कुठली बरी’ या प्रश्नाला शंभर उत्तरं आहेत. तिथल्या शेताचा आकारही आपल्या तालुक्याएवढा असू शकतो.

नेमबाजीच्या हौशी पोरांसाठी एक गोष्ट. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूनं मिळवलेलं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच्या हातातली .२२ रायफल सेमी-ऑटोमॅटिक नव्हती. या प्रकारात तशी चालतच नाही; दर गोळी हातानं भरायची, दर गोळीला श्वास पुन्हा बसवायचा. सेमी-ऑटोमॅटिक हवीच असेल तर ती २५ मीटर पिस्तूल प्रकारात आहे, ज्यात कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. सुरुवात मात्र दोघांच्याही मागून येणाऱ्यांनी .१७७ च्या एअर रायफलीपासूनच करावी. वीस जूलपेक्षा कमी ताकदीच्या, .१७७ बोअरच्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. तिनं डोळा मात्र फुटतो, तेव्हा तिला खेळणं समजू नका.

घराच्या रक्षणाचं बोलायचं तर नांदेडसारख्या शहरात गोळीबाराच्या बातम्या वाचून परवान्याचा विचार मनात येणं समजू शकतं. पण गल्लीतल्या घरात रायफल म्हणजे शेजाऱ्याच्या घरात गोळी. पत्रा, दार, पातळ भिंत तिला कळत नाही. ‘गावठी कट्टा’ हा तर विषयच नको. बिनपरवाना अग्निशस्त्रासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि तो कट्टा बहुधा समोरच्याआधी धरणाऱ्याचाच हात उडवतो.

निवडीचा खरा, रोजचा प्रसंग आपल्याकडे वेगळाच असतो. वाड्यातली बंदूक. पाटील, देशमुखांच्या घरी निजामाच्या काळापासून आलेली एखादी दुनळी कपाटात असते. वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनर असं नाव खोदलेली, दस्त्यावर तेलाचा काळसर थर. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला, कायदे बदलले, पण या बंदुका वारसानं पुढे येत राहिल्या. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याच्याकडे ती बंदूक पंचवीस वर्षं असली, तर तो हयातीतच वारसाच्या नावानं अर्ज करू शकतो. २०१९ पासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे ज्या घरी तीन होत्या तिथं कुठली ठेवायची हा प्रश्न पडला. परदेशी बंदुकांची सामान्य नागरिकासाठीची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे, म्हणून जुन्या इंग्रजी दुनळीची किंमत तिच्या वयाबरोबर चढत गेली.

अशी जुनी बंदूक ठेवायची की नाही हे कसं ठरवायचं? नळ्या वेगळ्या काढून उजेडाकडे धरा. आत आरशासारखी चकाकी हवी, गंजाचे खड्डे नकोत, बाहेरून बोटाला पोचा लागू नये. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी जाळीदार नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, दिसायला देखणी, काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजचं काडतूस भरू नका, भिंतीवरच शोभू द्या. मग बंदूक जोडून कानाशी धरून हलकेच हलवा. बिजागरीत खडखड ऐकू आली तर सांधा ढिला आहे. आणि सर्वात महत्त्वाचं, काडतुसाचं घर मोजून घ्या. जुन्या इंग्रजी बंदुकांत ते अडीच इंचांचं असे, आजची काडतुसं बहुधा पावणेतीन इंचांची. लांब काडतूस आत बसतं, पण फुटताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. माझा एक नातेवाईक वर्षानुवर्षं अशीच बंदूक वापरत होता आणि ‘लई जोरात मारते’ असं कौतुकानं सांगायचा. त्या कौतुकाचं कारण मोजपट्टीनं कळलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

दस्ता अंगाला बसतो का तेही बघावं. कोपर काटकोनात वाकवून बंदुकीचं बूड कोपराच्या वळणात टेकवा. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज यायला हवं. उंच आजोबांची बंदूक ठेंगण्या नातवाला लांब पडते. मग तो खांदा चुकवून दंडावर धरतो आणि पहिल्याच बाराला दंड निळा होतो.

बाकी कागदपत्रांचं काम आता ऑनलाइन झालं आहे. अर्ज केंद्राच्या पोर्टलवर, मग पोलीस ठाण्याची चौकशी, वैद्यकीय दाखला, बंदूक हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला, ती सुरक्षित ठेवण्याची हमी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. परवाना नाकारला तर अपील करता येतं. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीच्या व्हिडिओत बंदुका नाचवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

किनवट-माहूरकडे, पैनगंगेच्या अभयारण्याच्या कडेला, पुष्कळ शेतकऱ्यांनी बंदुकीचा नाद सोडून झटका मशीन लावलं आहे. सौर पट्टी, बॅटरी, बांधाभोवती तारा. तारेला डुकराचं नाक लागलं की ते किंकाळी फोडून मागे फिरतं, आणि धक्का क्षणभराचाच असल्यानं मरत नाही. घरगुती वीज थेट तारेत सोडणारे मात्र डुकराबरोबर माणसंही मारतात, आणि तुरुंगात जातात.

निवडणूक जाहीर झाली की छाननीत ज्यांची नावं येतात त्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२४ मध्ये नांदेडकरांनी लोकसभा, मग विधानसभा आणि तिच्याच दिवशी लोकसभेची पोटनिवडणूक असं सगळं पाहिलं. दुनळी कापडात गुंडाळून ठाण्यात न्यायची, नंबर लिहून घ्यायचा, पावती खिशात घालायची. बाहेर व्हरांड्यात एसएलआर घेतलेला शिपाई उभा असतो. तो आत जाणाऱ्या दुनळीकडे कौतुकानं बघतो, आजोबा त्याच्या एसएलआरकडे. त्या रात्री शेतात आवाज असतो तो झटका मशीनचाच, टक्, टक्, आणि तुरीत काहीतरी सरकल्याचा.